एका पायाचे मोजे

बाईंनी शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं, आणि या एकतीस वर्षांत त्यांच्या तासाला गणिताच्या मास्तरांनी जेवढी गणितं सोडवून घेतली तेवढी स्वतःच्या तासालाही घेतली नसतील. परीक्षा जवळ आली की मास्तर दारात येऊन उभे राहायचे. "बाई, आजचा तास जरा देता का? तुमचं काय, शिवणच तर आहे." बाई तास द्यायच्या आणि मुलींच्या हातातल्या सुया गोळा करून डब्यात ठेवायच्या. निरोपसमारंभासाठी त्यांनी चार ओळींचं भाषण पाठ केलं होतं, पण आधी मास्तर बोलायला उभे राहिले आणि ते थांबायच्या आत घंटा झाली. आता तरी बाई घरी स्वस्थ बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. बाईंनी विणकाम मंडळ काढलं.

मंडळात बाई धरून चौघी. तळमजल्यावरच्या काकू, यांचे हात आणि तोंड एकाच वेळी चालतात, पण तोंड पुढे निघून जातं आणि हात मागे राहतात, त्यामुळे यांची वीण सैल. दुसऱ्या नर्सबाई. तीस वर्षं मोठ्या दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात गेली, त्यामुळे त्यांनी विणलेल्या वस्तूत पाणीसुद्धा परवानगी घेऊन शिरतं. तिसरी पोस्टातली. ही मंडळातली सगळ्यात लहान, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची, अजून नोकरीत, आणि विणायची ती फक्त जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी संपली की टाका जिथे असेल तिथे बंद. आणि चौथ्या बाई स्वतः, ज्यांचं काम चुका काढणं.

दोन वर्षांत या चौघींनी उशांना, किटलीला, टेलिफोनला आणि एकदा चुकून इस्त्रीला झबली विणली. नातेवाईक पाहुणे म्हणून यायचे बंद झाले, कारण जाताना हातात काहीतरी लोकरीचं पडायचं. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. तेही बायकोला बाईच म्हणायचे. एकदा ते म्हणाले, "बाई, या घरात थंडी वाजू शकेल असा आता मी एकटाच उरलोय." बाईंना हे फार लागलं. त्या आठवडाभर विणल्या नाहीत, नुसत्या लोकरीचे गुंडे करत बसल्या.

त्याच आठवड्यात पोस्टातलीने एक पत्रक आणलं. कुणीतरी काउंटरवर विसरून गेलं होतं. दूरदेशी लढाईत घरदार गेलेल्या बायकांना एक वर्ष शिकवून पायावर उभं करणारी एक संस्था होती. एका गटाने एका बाईचा वर्षाचा खर्च उचलायचा, एवढंच.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी चौघी संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसल्या.

कार्यालय म्हणजे एका दातांच्या डॉक्टरच्या वरची खोली. दोन टेबलं, एक पंखा आणि फायलींच्या ढिगामागे एक चष्मेवाली मुलगी. तिने फाइल उघडून पुढे सरकवली. फोटोत एक बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, हसत नव्हती. नवरा लढाईत बेपत्ता, दोन मुली, रस्त्याच्या कामावर खडी वाहते. 'काय शिकायचं आहे' या रकान्यात लिहिलं होतं: विजेची कामं. खाली कारण द्यायचं होतं. तिने दिलं होतं: 'आमच्या वस्तीत दिवा गेला की वायरमन चार दिवसांनी येतो. मी खांबाखाली उभी राहून त्याचं काम बघितलं आहे. ते काही अवघड नाही.'

बाईंनी ते शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

"एक सांगून ठेवते," मुलगी म्हणाली. "वीजकामाच्या वर्गाला फी आहे. या महिनाअखेरपासून तीन महिन्यांत, म्हणजे थंडी संपता संपता, फी आली नाही तर तिची जागा जाते. पण काळजी नको, तिला वाऱ्यावर सोडत नाहीत. शिवणाचा वर्ग फुकट आहे. तिकडे बसवतात."

"मग प्रश्नच मिटला की!" काकूंनी टाळी वाजवली. "शिवण काय वाईट आहे? आणि आपल्याकडे तर साक्षात शिवणाच्या बाई!"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा असा झाला होता की नर्सबाईंचा हात आपोआप त्यांच्या नाडीकडे गेला.

"काकू," बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं माझ्या वर्गात निम्म्या मुली बळेच बसायच्या. ज्यांना चित्रकला हवी होती, ज्यांना खेळायला जायचं होतं, ज्यांना काहीच नको होतं, त्या सगळ्या शिवणाला. का? तर शिवणाला कुठेही जागा असते. मला त्यांचे चेहरे अजून दिसतात. आता समुद्रापलीकडे माझ्यापायी आणखी एक चेहरा नको. तिला वीज हवी आहे ना? वीजच."

मुलीने अर्ज पुढे केला. त्यात 'लाभार्थीशी नातं' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. संगणकात आई, बहीण, सासू, मालक असे पर्याय होते. काकूंचं मत 'सासू'वर पडलं, कारण पैसे भरूनही कुणी चांगलं म्हणत नाही ते एकच नातं. शेवटी अगदी तळाला 'इतर' सापडलं.

"तेच लिहा," बाई म्हणाल्या. "आम्ही आयुष्यभर त्याच रकान्यात आहोत."

आता पैसे उभे करायचे म्हणजे काहीतरी विकायला हवं, आणि विकायला हवं म्हणजे असं काहीतरी जे माणूस स्वखुशीने विकत घेईल. मंडळाच्या आजवरच्या कामात अशी वस्तू नव्हती. खूप चर्चा होऊन मोजे ठरले. थंडी तोंडावर होती, पाय प्रत्येकाला असतात, आणि मोजा विणायला सोपा.

पण मोज्यात एक खोड आहे, आणि ती विणणारीलाच ठाऊक असते. पहिला मोजा हौसेने होतो. दुसरा होत नाही. तोच टाका, तीच टाच, तोच अंगठा पुन्हा घालायचा म्हटलं की हात नेमके दुखायला लागतात. जगात जिथे जिथे बायका विणतात तिथे तिथे कपाटात एकुलते एक मोजे पडलेले असतात. या खोडीवर बाईंनी जो तोडगा काढला तो ऐकून मंडळ थक्क झालं. दुसरा मोजा कुणी विणायचाच नाही! प्रत्येकीने फक्त पहिलेच मोजे विणायचे. एक नर्सबाईंचा, एक काकूंचा, झाली जोडी. एक बाईंचा, एक पोस्टातलीचा, झाली दुसरी जोडी.

"हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही?" पोस्टातली म्हणाली.

कसं सुचलं नाही, ते पुढे कळलंच.

दोन महिने इमारतीत दुसरा विषय नव्हता. लिफ्टमध्ये बाईंच्या हातात सुया दिसल्या की सल्ला मिळालाच म्हणून समजा. पहिल्या मजल्यावरचे त्वचेचे डॉक्टर म्हणाले, लोकरीने खाज येते, आतून सुती अस्तर लावा. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त कप्तान म्हणाले, जहाजावर मोज्याला खिसा असला तर बरं पडतं. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी कधी आयुष्यात सुई धरली नव्हती, पण त्यांनी टाच कशी वळवावी हे जिन्यात उभं राहून पंधरा मिनिटं दाखवलं. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही मोजे घेऊ म्हणालं नाही.

विक्रीसाठी इमारतीचा हॉल मागितला तेव्हा खरी गंमत सुरू झाली. हॉल चेअरमनच्या ताब्यात. चेअरमनचं फरश्यांचं दुकान. प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांना त्यांनी स्वखर्चाने आरशासारख्या गुळगुळीत फरश्या बसवून दिल्या होत्या आणि शेजारी तशा अर्थाची संगमरवरी पाटीही. ते म्हणाले, हॉल फक्त कौटुंबिक समारंभासाठी, असा नियम आहे. बाई म्हणाल्या, आम्ही चौघी कौटुंबिकच आहोत. ते म्हणाले, पण कार्य परदेशी आहे, त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. बाईंनी अर्ज दिला. अर्ज परत आला, कारण त्यावर इमारतीच्या चिटणिसाची शिफारस नव्हती. चिटणीस म्हणाले, चेअरमनची सही आधी आणा. बाईंनी चार खेपा घातल्या. शेवटी पायऱ्यांपाशी, सायकली ठेवायच्या जागेत, एका दिवसापुरतं एक टेबल मांडायची तोंडी परवानगी मिळाली, तीही सायकली न हलवण्याच्या अटीवर.

विक्रीच्या आदल्या दुपारी बाईंच्या पुढच्या खोलीत ऐंशी मोजे जमले. चौघी जमिनीवर बसून जोड्या लावायला लागल्या.

पहिली जोडी उचलून शेजारी शेजारी धरली.

नर्सबाईंचा मोजा पाच वर्षांच्या मुलाला घट्ट झाला असता. काकूंचा मोजा त्याच मुलाला झोपायला पुरला असता. पोस्टातलीचा मोजा जेवणाच्या सुट्टीएवढाच लांब होता, म्हणजे टाच येण्याआधीच संपत होता. बाईंचे स्वतःचे मोजे तेवढे मोज्यासारखे होते, पण ते नऊच झाले होते, आणि नऊ हा आकडा जोड्यांसाठी काही उपयोगाचा नाही.

"लोकर एक, सुया एक, टाके एक," पोस्टातली हळूच म्हणाली. "मग असं का?"

का, ते बाईंना माहीत होतं. प्रत्येक हाताची ओढ वेगळी असते. म्हणून आधी चार बोटांचा नमुना विणून तो पट्टीने मोजायचा आणि मगच टाके घालायचे. पहिल्या दिवशीचा पहिला धडा. बाईंनी तो एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. घाईत स्वतःच विसरल्या, आणि आठवण करून द्यायला वर्गात मुलगी नव्हती.

"मी सांगत होते, हिचा हात आवळतो," काकू म्हणाल्या.

"माझा हात बरोबर आहे. तुमची जीभ सैल आहे ती मोज्यात उतरते," नर्सबाई म्हणाल्या.

त्यावरून त्या दोघींत जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी काकू तीन मिनिटं गप्प बसल्या, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. फी भरायला एकोणीस दिवस राहिले होते.

"उद्या टेबल मांडायचं," बाई म्हणाल्या. "आहेत तसे मांडायचे. आणि कुणाची माफी मागायची नाही."

सकाळी टेबल मांडलं. यजमानांनी चालती-बोलती जाहिरात म्हणून एका पायात नर्सबाईंचा आणि एका पायात काकूंचा मोजा घातला. पहिला टाचेपाशी अडकला तो अडकलाच. दुसरा गुडघ्यावरून वर निघाला आणि पँटमध्ये कुठेतरी नाहीसा झाला. असे ते सायकलींमधून येरझाऱ्या घालायला लागले. बाराला बारा मिनिटं असताना दोन मोजे खपले होते. एक पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी छत्रीसाठी घेतला. दुसरा यजमानांनीच घेतला होता.

मग चेअरमन आले. पाठीमागे निम्मी इमारत, कारण चेअरमन बोलतात तेव्हा ऐकायला माणसं लागतात. त्यांनी एक मोजा दोन बोटांत धरून उचलला आणि हसले. बरोबरचे सगळे हसले.

"बाई," ते म्हणाले, "कशाला हे सगळं? त्या तिकडच्या बाईसाठीच ना? मी देतो. आत्ता देतो. एक शिवणयंत्र घेऊन देतो तिला, नवं कोरं. वर आपल्या इमारतीचं आणि माझं नाव घालू. ती यंत्रापाशी बसलेली, असा फोटो मागवू, हॉलमध्ये लावू. तुमचाही मान, माझाही मान."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंचे डोळे भरून आले. पोस्टातलीने सुटकेचा श्वास सोडला. प्रश्न सुटला होता. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं.

"तिला यंत्र नकोय," बाई म्हणाल्या.

"अहो, बाईमाणसाला विजेच्या तारांत घालण्यापेक्षा..."

"तिने मागितलं नाही."

"बाई, घेणाऱ्याने निवड करायची नसते."

आता इथे बाई चुकल्या असं इमारतीत बरेच जण अजूनही म्हणतात. देणाऱ्याचा हात धरू नये, दान पदरात पडलेलं बरं, वगैरे. बाईंना हे सगळं पाठ होतं, त्यांनी मुलींना कापडावर तसली वचनं भरायला लावली होती. पण त्या क्षणी त्यांना दारात उभे राहिलेले गणिताचे मास्तर दिसले, आणि हातातल्या सुया गोळा करणाऱ्या स्वतः बाई दिसल्या, आणि त्यांना स्वतःचाच इतका राग आला की आवाज आपोआप चढला.

"चेअरमनसाहेब, तास मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

हे कुणालाच कळलं नाही. बाईंनाही उशिराच कळलं आपण काय बोललो ते. मग त्यांनी दुरुस्त केलं, "म्हणजे, तुमचे पैसे नकोत. यंत्रही नको, फोटोही नको. तो मोजा घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर खाली ठेवा. वीण ताणते."

चेअरमननी मोजा खाली ठेवला. गर्दी बाजूला झाली. बाईंनी मान ताठ करून टेबलामागून बाहेर पाऊल टाकलं, आणि हा प्रसंग इथेच थांबला असता तर कायमचा शोभून दिसला असता. पण यजमानांनाही वाटलं, आपण बायकोच्या पाठीशी उभं राहायला हवं. येरझाऱ्या घालत ते पायऱ्यांच्या माथ्यावर पोचले होते, तिथून रुबाबात खाली निघाले. चेअरमनच्या गुळगुळीत फरशीवर काकूंच्या सैल मोज्याने पाय ठेवला आणि तो पाय यजमानांना न विचारता पुढे गेला. पाचही पायऱ्या ते बसून उतरले. खाली पोचल्यावर म्हणाले, "बाई, काहीतरी मोडलं." घोटा मोडला होता.

इमारतीत त्या संध्याकाळी एकमत झालं. बाईंना ताठा नडला. तिकडच्या बाईचंही नुकसान, इकडच्या नवऱ्याचंही. काकूंनी बाईंना तोंडावर सांगितलं, "तुमच्या हट्टापायी तिचं यंत्रही गेलं हो." बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या आणि नळ सुरू ठेवून रडल्या. फोटोतली ती न हसणारी बाई आता कुठल्यातरी वर्गात कापड धरून बसलेली त्यांना दिसत होती. हट्ट चुकीचा होता असं मात्र रडतानाही त्यांना वाटलं नाही.

यजमान मोठ्या दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि पुढे पाच बोटं उघडी. खिडकीची काच नीट बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन गेल्या तर यजमान म्हणाले, "पाय दुखत नाही गं, पण बोटं गार पडतात. पांघरूण सरकतं." नर्सबाई बरोबर होत्या. त्यांनी सवयीने बोटं दाबून बघितली, पिशवीत हात घातला, काकूंचा एक मोजा काढला आणि प्लास्टरवर चढवला.

तो बसला. नुसता बसला नाही, शिंप्याने माप घेऊन शिवावा तसा बसला. जगातल्या कुठल्याही दुकानातला मोजा प्लास्टरवर चढत नाही. काकूंचा चढला.

"ओ बाई," शेजारच्या खाटेवरचा रिक्षावाला मान उचलून म्हणाला, "हे कुठे मिळतं?"

बाईंनी वॉर्डभर नजर टाकली. बावीस खाटा. बावीस प्लास्टरं. आणि प्रत्येकाला मोजा लागणार एकच.

"आणि कुबडी काखेत टोचते," पलीकडचा गवंडी म्हणाला. "तिला घालायला काही आहे का?"

नर्सबाईंनी स्वतःचा एक आवळ मोजा काढून कुबडीच्या डोक्यावर ओढला. तो असा बसला की पुढे काढायला कात्री लागली असती. पोस्टातलीचे टाच नसलेले मोजे हात मोडलेल्यांना झाले, बोटांपासून मनगटापर्यंत. बाईंचे नऊ मोजे तेवढे कुणाच्या उपयोगाचे नव्हते, कारण ते बरोबर होते.

अर्थात वॉर्डात विक्रीला बंदी. मुख्य परिचारिकेने तसं सांगितलं. ती एके काळी नर्सबाईंच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे तिने ते जमिनीकडे बघत सांगितलं. कार्यालयातले कारकून म्हणाले, रुग्णाच्या अंगाला लागणारी वस्तू म्हणजे वैद्यकीय साधन, त्याला प्रमाणपत्र लागतं. बाईंनी विचारलं, "मग तुमच्या गळ्यातल्या मफलरला आहे का?" कारकुनाने मफलर काढून खणात ठेवला. बाईंनी वाद वाढवला नाही. फाटकाबाहेर, बसथांब्याच्या बाकाशेजारी, खुर्ची टाकून बसल्या. शेजारी पुठ्ठ्याची पाटी: 'एका पायाचे मोजे. जोडी मागू नये.'

रखवालदाराने दोनदा उठवलं. बाई दोन्ही वेळा चार पावलं सरकून पुन्हा बसल्या. तिसऱ्या वेळी त्याने आपल्या सासऱ्यासाठी एक मोजा घेतला, आणि मग तोच येणाऱ्या-जाणाऱ्यांना वॉर्ड कुठला आणि बाई कुठे बसतात ते सांगायला लागला. काकू सहाव्या दिवशी आपणहून आल्या. बाईंशी बोलल्या नाहीत, पण खुर्ची शेजारी लावून विणायला बसल्या, आणि गिऱ्हाइकांशी एवढ्या बोलल्या की वीण आणखी सैल पडली आणि मांडीपर्यंतच्या प्लास्टरचीही सोय झाली. नर्सबाई आणि काकू यांच्यात आता भांडण होतं ते कुणाचे जास्त खपले यावरून.

मुदतीच्या आदल्या दिवशी चौघी दातांच्या डॉक्टरच्या वरच्या खोलीचा जिना चढल्या. चष्मेवाल्या मुलीने पैसे घेतले, पावती दिली आणि एक कागद पुढे केला. लाभार्थीने दर तीन महिन्यांनी आभाराचं पत्र पाठवायचं, त्याला गटाची संमती हवी होती.

"आभार नकोत," बाई म्हणाल्या. "ती वीज शिकायला जाते आहे, निबंध लिहायला नाही."

"नियम आहे हो."

"मग काय शिकली तेवढं लिहू दे. आभार लिहिले तर पत्र परत पाठवेन."

मुलीने कागदावर तसं लिहून घेतलं. संस्थेच्या इतिहासात असं कलम पहिल्यांदाच आलं असावं.

बारा महिने गेले. यजमानांचा घोटा जुळला. चेअरमननी पायऱ्यांवर काथ्याच्या पट्ट्या टाकल्या आणि त्यांचीही पाटी लावली. आणि एके दिवशी पोस्टातलीने मंडळाच्या बैठकीत एक पाकीट आणलं. आत तिकडच्या बाईच्या चौथ्या, शेवटच्या पत्राचा संस्थेने केलेला तर्जुमा होता. बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. दार उघडं होतं, आणि चेअरमन सभेची नोटीस द्यायला आले होते ते दारातच थांबले.

'वर्ष संपलं,' असं पत्रात होतं. 'मी परीक्षेत नापास झाले. मी जोडलेल्या बटणाने दिवा लागला, पण शेजारच्या खोलीतला. परीक्षक अंधारात बसले होते. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, आता शिवणाच्या वर्गात ये, तिथे जागा आहे. मी नाही म्हणाले. पुन्हा बसायचं तर पुन्हा फी लागते. ती भरणं तुम्हाला जमलं नाही तर मी खडीवर जाईन आणि स्वतः साठवीन, वेळ लागेल. शिवणाला बसणार नाही. माझी चूक कुठे झाली ते मला कळलं आहे. दोन तारा उलट गेल्या. ते काही अवघड नाही.'



"वर्ष फुकट गेलं," काकू हळूच म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं," चेअरमन दारातून म्हणाले. "यंत्र दिलं असतं तर एव्हाना शंभर कपडे शिवून झाले असते. आता तरी ऐका. माझी तयारी अजून आहे."

बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. यजमान घाबरून आतून आले. एकतीस वर्षांत एकाही मुलीची तोंडावर 'शिवणाला बसणार नाही' म्हणायची हिंमत झाली नव्हती. सगळ्या मान खाली घालून बसायच्या. आणि ही, हातात दमडी नसताना, नापास होऊन, दोनदा म्हणाली होती.

"कागद दे गं," त्या पोस्टातलीला म्हणाल्या. "नर्सबाई, दवाखान्यात जाऊन विचारा, या थंडीत किती मोडलेत. काकू, लोकर आणा. चेअरमनसाहेब, नोटीस टेबलावर ठेवा आणि जाताना दार लावून घ्या, वारा येतो."

आणि सगळ्यांसमोर, दार लागायची वाट न बघता, त्यांनी लिहिलं:

'पत्र मिळालं. दिवा लागला हे वाचून फार आनंद झाला. कुठल्या खोलीत लागला ते पुढच्या वर्षी बघू. फी पाठवतो आहोत. शिवणाच्या वर्गाकडे फिरकू नकोस.'

खाली सही केली. मग क्षणभर थांबून, सहीखाली, ठळक अक्षरात, आपला हुद्दा लिहिला: शिवणशिक्षिका, निवृत्त.